बेवारस दिसणाऱ्या फाइल्स: ओळखायच्या कशा, काढायच्या कशा

सी ड्राइव्ह भरत आला की आपण तो उघडून बघायला लागतो, आणि तिथे कधी नावही न ऐकलेल्या गोष्टींची रांग दिसते. आकड्या-अक्षरांची खिचडी झालेली नावं, डॉट टीएमपी, डॉट सीएचके, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे फोल्डर. यातलं बरंचसं खरोखर अडगळ असतं. पण काही फाइल्स दिसायला अगदी तशाच असतात आणि त्या उडवल्या की फोनचा बॅकअप जातो, ईमेल जातं, किंवा एखादा प्रोग्रॅम धड चालतही नाही आणि निघतही नाही. त्यामुळे फाइल कुणी बनवली हे आधी शोधा. ज्याने बनवली त्याच्याच वाटेने ती काढा. मालक सापडलाच नाही तर डिलीट करू नका, बाजूला ठेवा.

पुढचा बहुतेक मजकूर विंडोज १० आणि ११ साठी आहे. मॅक आणि लिनक्सचं शेवटी आहे. फाइल्सची नावं आणि कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. कॉम्प्युटरवर ती नावं इंग्रजी अक्षरांत दिसतील आणि कमांडही इंग्रजीतच टाइप करायच्या.

सुरुवातीची तयारी

फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारी अक्षरं, दिसत नसेल तर पुढचं सगळं आंधळेपणाने होईल. विंडोज ११ मध्ये व्ह्यू, मग शो, आणि तिथे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' व 'हिडन आयटम्स' या दोन्हींवर टिक करा. विंडोज १० मध्ये हेच दोन चौकोन व्ह्यू टॅबवर वरच्या पट्टीत आहेत. एक्स्टेन्शन लपलेलं असताना 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल डॉट पीडीएफ' दिसते, आणि फसवणुकीचा हा जुना मार्ग आजही चालतो.

फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' असा आणखी एक पर्याय आहे. तो चालूच राहू द्या. तो बंद केला की डेस्कटॉपवर 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाच्या दोन फिकट फाइल्स उगवतात आणि लोक व्हायरस आला म्हणून घाबरतात. त्या फक्त फोल्डरचं रूप आणि आयकॉन लक्षात ठेवतात. काढल्या तरी बिघडत नाही, पण विंडोज त्या पुन्हा बनवतं.

त्यानंतर स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' शोधून एक रिस्टोर पॉइंट करून घ्या. तिथे सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन 'ऑफ' असेल तर कॉन्फिगरमध्ये जाऊन आधी ते चालू करा. रिस्टोर पॉइंटमुळे सिस्टिम फाइल्स आणि रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवतात ती यादी) मागे नेता येते. तुमचे फोटो, कागदपत्रं त्यात नसतात. त्यांची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर हवीच.

मालक कसा शोधायचा

पहिला प्रश्न, फाइल आहे कुठे? विंडोज फोल्डरच्या आत असेल तर ती सिस्टिमची आहे असंच धरून चालायचं. प्रोग्रॅम फाइल्स किंवा प्रोग्रॅमडेटामध्ये असेल तर कुठल्यातरी प्रोग्रॅमची, आणि बाहेरच्या फोल्डरला बहुतेक वेळा कंपनीचं नाव असतं. युजर्समधल्या तुमच्या नावाखाली अ‍ॅपडेटा नावाचा लपलेला फोल्डर आहे. त्यात लोकल, लोकललो आणि रोमिंग असे तीन कप्पे. प्रोग्रॅम तुमच्यापुरत्या सेटिंग्ज आणि डेटा इथे ठेवतात.

दुसरा प्रश्न, कधी आली? फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'क्रिएटेड' तारीख-वेळ बघा. मग सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी इन्स्टॉलच्या तारखेनुसार लावा. त्याच दिवशी काही इन्स्टॉल झालेलं दिसलं की अर्धं कोडं सुटतं. अपडेटच्या तारखा विंडोज अपडेटमधल्या अपडेट हिस्टरीत मिळतात. 'मॉडिफाइड' तारखेवर फार विसंबू नका. ती कंपनीने फाइल तयार केली तेव्हाची, म्हणजे कित्येक वर्षं जुनी असू शकते.

डॉट ईएक्सई किंवा डॉट डीएलएल असेल तर प्रॉपर्टीजमध्येच 'डिटेल्स' आणि 'डिजिटल सिग्नेचर्स' हे टॅब बघा. डिटेल्समधलं कंपनीचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो. सिग्नेचर निवडून पुढचं डिटेल्स बटण दाबल्यावर 'धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके' असं आलं तर मात्र ते नाव खरं धरता येतं. सिग्नेचरचा टॅब नाही म्हणून फाइल वाईट ठरत नाही. बऱ्याच प्रामाणिक फाइल्सवर सही नसते.

एक्स्टेन्शनच नसेल, किंवा असलेल्यावर भरवसा नसेल, तर आतली पहिली अक्षरं बोलतात. फाइलवर डबल क्लिक मुळीच नको. आधी नोटपॅड उघडा आणि त्यात फाइल ओढून सोडा. कचऱ्यासारखी चिन्हं दिसतील; फक्त अगदी सुरुवात वाचा. 'एमझेड' म्हणजे चालणारा प्रोग्रॅम; ती अक्षरं मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांच्या नावाची आहेत. 'पीके' म्हणजे झिप, आणि आजच्या वर्ड-एक्सेलच्या फाइल्सही आतून झिपच असतात. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ, म्हणजे पीडीएफ. 'एसक्यूलाइट फॉरमॅट ३' म्हणजे एखाद्या अ‍ॅपचा डेटाबेस, आणि त्यात तुमचा डेटा असण्याची दाट शक्यता. बंद करताना 'सेव्ह' म्हणू नका, नाहीतर फाइल कायमची बिघडेल. शेकडो एमबीची फाइल नोटपॅडमध्ये टाकू नका, तो अडकून बसतो.

दोन नमुने जवळून

बाहेरच्या किंवा दुसऱ्या ड्राइव्हच्या मुळाशी अचानक दोन डझन फाइल्स दिसतात: 'ईयूएलए डॉट १०२८ डॉट टीएक्सटी', 'ईयूएलए डॉट १०३१ डॉट टीएक्सटी', 'इन्स्टॉल डॉट आरईएस डॉट १०३३ डॉट डीएलएल', 'व्हीसीरेडिस्ट डॉट बीएमपी', 'ग्लोबडेटा डॉट आयएनआय'. वेगवेगळे आकडे बघून धडकी भरते. पण हे आकडे म्हणजे मायक्रोसॉफ्टचे भाषांचे क्रमांक आहेत: १०३३ अमेरिकन इंग्रजी, १०३१ जर्मन, १०३६ फ्रेंच, १०४१ जपानी. एकच परवाना इतक्या भाषांत. या फाइल्स व्हिज्युअल सी प्लस प्लस २००८ च्या रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेजच्या, म्हणजे इतर प्रोग्रॅमना चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या फाइल्सच्या संचाच्या. कुठल्यातरी गेमने किंवा प्रोग्रॅमने ते सोबत आणलेलं असतं. इन्स्टॉलर आपलं सामान सगळ्यात जास्त मोकळी जागा असलेल्या ड्राइव्हवर उघडतो आणि एका चुकीमुळे ते आवरायचं विसरतो. इन्स्टॉल पूर्ण झालेलं असेल तर या फाइल्स बिनधास्त काढा. इन्स्टॉल्ड अ‍ॅप्समधली व्हिज्युअल सी प्लस प्लसची नोंद मात्र काढू नका. तिच्याशिवाय तो प्रोग्रॅम चालणार नाही.

दुसरा नमुना बरोबर उलटा. अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये अ‍ॅपल कॉम्प्युटर, त्यात मोबाइलसिंक, त्यात बॅकअप. आत ०० पासून एफएफपर्यंत दोन-दोन अक्षरांचे फोल्डर, आणि त्यांत ४० अक्षरांच्या नावांच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या हजारो फाइल्स. कचऱ्याचं याहून हुबेहूब सोंग दुसरं नाही. हा आयफोनचा बॅकअप आहे. त्यातली एक फाइल जरी हाताने काढली तरी अख्खा बॅकअप निकामी होऊ शकतो. जागा हवी असेल तर आयट्यून्स किंवा अ‍ॅपल डिव्हायसेस अ‍ॅपच्या बॅकअपच्या यादीतून जुना बॅकअप पूर्ण काढा.

हात लावायचा नाही असं

सी ड्राइव्हच्या मुळाशी 'हायबरफिल डॉट एसवायएस' हायबरनेशनसाठी, म्हणजे उघडी कामं डिस्कवर जपून कॉम्प्युटर बंद करायच्या सोयीसाठी, असते. तिचा आकार सहसा रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅमला साधारण साडेसहा जीबी. हायबरनेट कधीच वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'पॉवरसीएफजी', स्पेस, तिरकी रेघ (/) आणि एच, स्पेस, 'ऑफ' असं टाइप करा. फाइल आपोआप जाते. तिच्यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं. 'पेजफाइल' आणि 'स्वॅपफाइल' रॅमला हातभार लावतात, त्या तशाच असू द्या.

विंडोज फोल्डरातला 'विनएसएक्सएस' बघून अनेकांची बोटं शिवशिवतात, कारण आकार ८-१० जीबी किंवा जास्त दिसतो. त्यातल्या बऱ्याच फाइल्स सिस्टिम३२ मधल्या फाइल्सच आहेत, हार्ड लिंकने दोन जागी दिसणाऱ्या. एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. हाताने काही काढलंत तर पुढचे अपडेट अडतील. साफ करायची वाट वेगळी आहे: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्टार्टकॉम्पोनंटक्लीनअप'. त्याला 'रिसेटबेस' जोडायचा सल्ला कुणी दिला तर लक्षात घ्या, त्यानंतर आधी बसलेले अपडेट काढता येत नाहीत.

विंडोजमधलाच लपलेला 'इन्स्टॉलर' फोल्डर सगळ्यात जास्त नुकसान करून जातो. आत अर्थहीन नावांच्या डॉट एमएसआय आणि डॉट एमएसपी फाइल्स असतात. नाव काहीही असो, प्रोग्रॅम दुरुस्त करायला, अपडेट करायला आणि काढायला विंडोज याच फाइल मागतं. आज काढल्या तर आज काहीच होत नाही. सहा महिन्यांनी अपडेट अडतो, अनइन्स्टॉलही अडतं, आणि तोवर कारण विसरलेलं असतं.

रिकामा फोल्डर म्हणजे निरुपयोगी, हेही खरं नाही. एप्रिल २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर अनेकांच्या सी ड्राइव्हवर 'आयनेटपब' नावाचा रिकामा फोल्डर आला. तो एका सुरक्षात्रुटीवरच्या उपायाचा भाग आहे आणि काढू नका, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. काढला असेल तर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मधून इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस चालू करा, फोल्डर परत येतो. मग ते फीचर पुन्हा बंद केलं तरी चालतं.

आणखी एक खूण: डिलीट करताना विंडोजने 'ट्रस्टेडइन्स्टॉलर'ची, म्हणजे सिस्टिम फाइल्सची मालकी असलेल्या विंडोजच्याच खात्याची, परवानगी मागितली तर थांबा. मालकी स्वतःकडे घेऊन फाइल उडवायच्या युक्त्या सगळीकडे मिळतात, पण ते कुलूप कारणासाठीच लावलेलं असतं.

काढता येतं असं

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. सुरुवात इथूनच करा, कारण इथे विंडोज स्वतःची अडगळ स्वतः ओळखतं. यादीत 'डाउनलोड्स' हीसुद्धा एक ओळ असते. तिच्यावर टिक पडलं तर तुमच्या डाउनलोड केलेल्या सगळ्या गोष्टी जातील. टिक नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. मोठ्या अपग्रेडनंतर राहिलेला 'विंडोज डॉट ओल्ड' इथूनच 'प्रीव्हियस व्हर्जन' म्हणून काढायचा. तो १० दिवसांनी आपोआप जातो, आणि गेला की जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही. युजर्स फोल्डरातलं काही त्यात अडकलंय का, आधी डोकावून बघा.

टेम्प फोल्डरसाठी विंडोजची कळ आणि आर दाबा, '%टेम्प%' टाइप करा. आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, कारण काही इन्स्टॉलर उरलेलं काम रीस्टार्टनंतर इथल्याच फाइल्स वापरून करतात. मग तारखेनुसार लावून आठवड्याहून जुन्या फाइल्स काढा. 'फाइल इन यूज' आलं तर स्किप.

नावाच्या सुरुवातीला '~$' असलेली वर्डची छोटी फाइल, साधारण १६२ बाइटची, म्हणजे कागदपत्र उघडल्याची नोंद. आत उघडणाऱ्याचं नाव असतं. वर्ड बंद झालं की ती जाते. वर्ड मध्येच कोसळलं तर राहते, आणि मग तेच कागदपत्र 'दुसऱ्याने उघडलंय' असं सांगतं. वर्ड पूर्ण बंद करून ती काढा. कागदपत्र सामायिक फोल्डरात असेल तर खरंच कुणी उघडून बसलेलं नाही ना, हे आधी विचारा.

'डॉट सीआरडाउनलोड' आणि 'डॉट पार्ट' म्हणजे क्रोम आणि फायरफॉक्सची अर्धी राहिलेली डाउनलोड. चालू डाउनलोड नसेल तर काढा. विंडोजमधल्या 'मेमरी डॉट डीएमपी' आणि 'मिनिडंप'मधल्या फाइल्स म्हणजे विंडोज कोसळून निळा किंवा काळा पडदा येतो त्या वेळच्या नोंदी. दुरुस्तीसाठी कुणाला दाखवायच्या नसतील तर त्या जाऊ शकतात.

'फाउंड डॉट ०००' या फोल्डरात डॉट सीएचके फाइल्स दिसल्या तर मात्र साफसफाई बाजूला ठेवा. डिस्क तपासताना सापडलेले फाइल्सचे तुकडे विंडोज तिथे ठेवतं. म्हणजे ड्राइव्हवर चुका झाल्या होत्या. वीज गेल्याने किंवा पेन ड्राइव्ह मध्येच उपसल्याने असं होतं, पण डिस्क मरायला लागली की असंच होतं. आधी महत्त्वाच्या डेटाची प्रत घ्या, मग डिस्कची तब्येत तपासा. तुकड्यांमध्ये हरवलेला फोटो असू शकतो. पहिली अक्षरं बघून एक्स्टेन्शन बदललं की कधी कधी तो उघडतो.

अनइन्स्टॉलनंतर उरलेलं

बहुतेक अनइन्स्टॉलर सेटिंग्ज आणि तुमचा डेटा मुद्दाम ठेवतात, पुन्हा इन्स्टॉल केलं तर सगळं जागच्या जागी मिळावं म्हणून. त्यामुळे अ‍ॅपडेटामधला फोल्डर 'उरलेला' आहे एवढ्यावर तो काढू नका. ईमेल प्रोग्रॅम, अकाउंटिंग, नोंदवह्या आणि गेम्सचे सेव्ह इथे असतात. आत उघडून डॉट डीबी, डॉट एसक्यूलाइट, डॉट पीएसटी, 'बॅकअप', 'प्रोफाइल्स' असं काही दिसतंय का बघा.

नको असल्याची खात्री वाटली तरी लगेच डिलीट नको. फोल्डरचं नाव बदला: मूळ नावापुढे '_बाजूला' आणि तारीख जोडा. प्रोग्रॅम नेमका पत्ता शोधतो; नाव बदललं की त्याच्यासाठी तो फोल्डर नाहीच. रीस्टार्ट करा आणि नेहमीची कामं करा. निदान ३० दिवस थांबा, कारण हिशेब, पगारपत्रक, रिपोर्ट अशी कामं महिन्यातून एकदाच होतात आणि बिघाड तेव्हाच कळतो. काही अडलं तर नाव परत तेच करा. विंडोज फोल्डरच्या आत ही युक्ती वापरू नका. तसेच त्याच नावाचा नवा फोल्डर पुन्हा तयार झालेला दिसला, तर प्रोग्रॅमचा एखादा भाग अजून जिवंत आहे.

नाव बदलताना 'वापरात आहे' असं आलं तर रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबवर 'असोसिएटेड हँडल्स'च्या चौकटीत फाइलचं नाव टाका. कोणता प्रोग्रॅम धरून बसलाय ते दिसतं. सुरू होतानाच चालणाऱ्या गोष्टींसाठी मायक्रोसॉफ्टचं मोफत 'ऑटोरन्स' उत्तम. त्यातल्या पिवळ्या ओळी म्हणजे ज्यांची फाइलच आता नाही अशा नोंदी. आधी टिक काढा, नोंद डिलीट नंतर.

रजिस्ट्री साफ करणारी साधनं वापरू नका. उरलेल्या नोंदींनी कॉम्प्युटर मंद होत नाही, आणि चुकीची नोंद गेली तर विंडोज सुरूही न होण्याची भीती असते.

संशय आला तर

विंडोजच्या सेवा चालवणारी 'एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई' सिस्टिम३२ किंवा सिसवॉव६४ मध्ये असते. तीच टेम्प किंवा अ‍ॅपडेटामध्ये दिसली तर ती खरी नाही असंच धरा. फाइल चालवू नका. पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' आणि पुढे अवतरण चिन्हांत फाइलचा पत्ता दिला की ६४ अक्षरांचा हॅश, म्हणजे त्या फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, मिळतो. तो व्हायरसटोटल या अनेक अँटीव्हायरसने फाइल तपासणाऱ्या वेबसाइटवर शोधा. अख्खी फाइल अपलोड करण्यापेक्षा हे बरं, कारण अपलोड केलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांना मिळू शकते. खासगी कागदपत्र तिथे कधीच टाकू नका. हॅश सापडला नाही याचा अर्थ ती फाइल तिथे आजवर कुणी दिली नाही एवढाच. सुरक्षित आहे असा नाही. उलट, कित्येक स्कॅनरपैकी एखाद-दोघांनीच नाव घेतलं तर तो बऱ्याचदा खोटा गजर असतो.

खरंच लागण असेल तर फाइल हाताने काढून भागत नाही, तिला परत आणणारं काहीतरी दुसरीकडे असतं. विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर अ‍ॅप ट्रॅशमध्ये ओढलं तरी त्याचा डेटा लायब्ररी फोल्डरात राहतो. फाइंडरच्या 'गो' मेन्यूत ऑप्शन कळ दाबली की लायब्ररी दिसते. आत अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, कॅशेस, कंटेनर्स, प्रेफरन्सेस आणि लाँचएजंट्स बघा. नावं 'कॉम डॉट कंपनी डॉट अ‍ॅप' अशी उलटी असल्याने मालक पटकन कळतो. ज्याचं अ‍ॅपच उरलेलं नाही अशी लाँचएजंट्समधली प्लिस्ट (अ‍ॅपचा भाग आपोआप सुरू करणारी सेटिंगची फाइल) सगळ्यात आधी काढा. पेन ड्राइव्हवर विंडोजमध्ये दिसणाऱ्या 'डॉट डीएस स्टोअर' आणि '._' ने सुरू होणाऱ्या फाइल्स मॅकच्याच खुणा आहेत, निरुपद्रवी.

लिनक्समध्ये मालक थेट विचारता येतो. डेबियन-उबुंटूवर 'डीपीकेजी', वजा चिन्ह, मोठा एस आणि फाइलचा पत्ता. फेडोरावर 'आरपीएम', वजा, क्यूएफ आणि पत्ता. पॅकेजचं नाव आलं तर ते पॅकेज मॅनेजरमधूनच काढा, हाताने नाही. नाव आलं नाही तर तेवढ्यावर कचरा ठरवू नका. युझर-लोकलमध्ये हाताने बसवलेल्या आणि प्रोग्रॅमने चालताना बनवलेल्या फाइल्सचं नावही येत नाही. 'लॉस्ट+फाउंड' राहू द्या, डिस्क दुरुस्तीला तो लागतो.

चुकून गेलंच तर

आधी रीसायकल बिन. पण पेन ड्राइव्ह आणि नेटवर्कवरच्या फाइल्स तिथे जात नाहीत, शिफ्ट धरून केलेलं डिलीटही नाही, आणि बिनच्या मर्यादेपेक्षा मोठी फाइल थेट जाते. सिस्टिम फाइल गेली असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएफसी', स्पेस, '/स्कॅननाउ'. त्याने दुरुस्त झालं नाही तर डीआयएसएमची 'रिस्टोरहेल्थ' कमांड चालवून पुन्हा एसएफसी, आणि तरीही नाही तर रिस्टोर पॉइंट. स्वतःची फाइल गेली असेल तर त्या ड्राइव्हवर काहीही कॉपी किंवा इन्स्टॉल करू नका, फाइल परत मिळवणारं सॉफ्टवेअरसुद्धा दुसऱ्या ड्राइव्हवरून चालवा. एसएसडीवर मात्र डिलीटनंतर थोड्याच वेळात ट्रिम, म्हणजे मोकळी झालेली जागा साफ करायची सोय, ती जागा पुसून टाकते. तिथे असलं सॉफ्टवेअर सहसा रिकाम्या हाताने परतवतं. फाइल बॅकअपमधूनच काढावी लागते.